काकांची संमती

दोष माझ्या काकांचा, मालकाचा नंतर. नव्या कायद्याचं नाव सांगून कारखान्यानं पाळी बारा तासांची केली. फक्त कामगाराची लेखी संमती हवी होती. मी म्हटलं, सही करणार नाही, संध्याकाळी माझा वायरमनचा वर्ग असतो. काका भटजी, आणि मालक त्यांचे जुने यजमान. त्यांनी सगळ्या कामगारांसमोरच काकांना फोन लावला, स्पीकरवर.

“अरे, कर सही. आमच्या वेळी तास कोण मोजत होतं?”

“काका, तुम्ही पूजेला पाटावर बसून असायचात. मी मशीनसमोर उभा असतो!”

सगळे हसले. काका भडकले. “सेठजी, लड़का हमारा है. हमारी हाँ समझिए.”

कारखान्याच्या मुनशीनं, म्हणजे कारकुनानं, माझ्या नावापुढे स्वतःच सही ठोकली. बारा तासांच्या पाळीत वर्गाची हजेरी भरली नाही, म्हणून मला परीक्षेला बसू दिलं नाही.