शनिवारची सही

ज्युडिथ : थांबलास का चारुदत्त? मोठ्याने वाच. घरमालक तू, दावा तुझा, मग लाज कसली?

चारुदत्त : काकू, वकिली भाषा असते ती. 'भाडेकरू सॅमसन यांनी नोटीस घेण्यास नकार दिला. नव्वद दिवसांत थकलेलं भाडं भरलं नाही. सबब जागा खाली करून मिळावी.'

ज्युडिथ : नकार! अहो, ऐकलंत?

सॅमसन : नकार कुठे दिला? वकिलाचा माणूस आला, त्याला म्हटलं, आज आमचा ज्यू लोकांचा शब्बाथ, विश्रांतीचा वार, शनिवारी मी सही करत नाही, सोमवारी या. पाणीसुद्धा दिलं त्याला.

चारुदत्त : पाकीट तरी ठेवून घ्यायचं ना काका.

सॅमसन : सहीशिवाय देईना. मला वाटलं, बँकेचं काहीतरी असेल.

ज्युडिथ : आणि भाडं थकलं कसं रे? हे दर महिन्याला गुडघे धरत जिना चढून वर यायचे. तूच म्हणालास, घर माझ्या नावावर होऊ दे, मग एकदम घेतो.

चारुदत्त : म्हणालो असेन. लेखी आहे काही?

ज्युडिथ : लेखी! शब्बाथला आम्ही विस्तव पेटवत नाही, म्हणून तुझी आई दर शनिवारी खाली येऊन आमचा गॅस पेटवून जायची. तिच्याशी कधी लेखी केलं आम्ही? पंचेचाळीस वर्षं राहिलो इथे. या वयात आता जायचं कुठे?

चारुदत्त : शहराबाहेर नेरे गावाकडे स्वस्तात मिळेल की. हे घर पाडून नवं बांधायला बिल्डर तयार आहे, तो माझ्यासाठी थांबणार आहे का काकू?

सॅमसन : एवढंच सांग. तो माणूस नेमका शनिवारीच कसा आला?

चारुदत्त : वकिलांनी विचारलं, हे घरी नक्की कधी सापडतील.

सॅमसन : बरं.

चारुदत्त : म्हटलं, शनिवारी. सही करणार नाहीत, तेही सांगितलं.

ज्युडिथ : अरे मेल्या! माझ्या हातचं खाऊन मोठा झालास तू!

सॅमसन : ज्युडिथ, राहू दे. चारुदत्त, आम्हीही वकील गाठलाय. समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत सगळं भाडं व्याज-खर्चासकट कोर्टात भरलं, की जागा जात नाही म्हणाले. उद्याच भरतोय.

चारुदत्त : मग... मिटलंच की काका. मनात काही ठेवू नका.

सॅमसन : एक राहिलंय. आमच्या दाराची दुसरी किल्ली वर तुमच्याकडे असते. अडीअडचणीला म्हणून मीच दिली होती. ती तेवढी आणून दे.