चाकाचं सुतक

हसू नका, पण आमच्या दारात एकदा होडी येऊन अडली होती. धरणाच्या ऑफिसातली, दोन चाकांच्या ट्रॉलीवरची. ट्रॉली पाण्यातून बाहेर आली की चाकांची बेअरिंग काढून, पुसून, नवं ग्रीस भरायचं काम माझ्या बाबांचं होतं. बाबा पावसाळ्यात वारले. तेव्हापासून आई कोणाशी बोलेनाशी झाली.

दसऱ्यानंतर बाबांचे सोबती गुलाबकाका होडी घेऊन निघाले आणि आमच्या घरासमोरच एक चाक करकरून थांबलं. चाकाला झेंडूचा हार तेवढा होता.

आई बाहेर आली. "भाऊजी, याच्यात ग्रीस कवा भरलं?"

"वहिनी, भाऊच्या मागं कोनं हातच नाई लावला. मनच नाई झालं."

"मंग चाकाचंबी सुतक पाळून राह्यले का तुमी?"

काका मान खाली घालून चाक काढायला बसले. आईने गंज धरलेली बेअरिंग रॉकेलात धुतली आणि बाबांच्या डब्यातलं ग्रीस बोटांनी भरलं. चाक फिरलं. मला वाटलं, आई परत आली.

संध्याकाळी मी तेलाची बाटली घेऊन तिच्या मागे बसले. बाबा गेल्यापासून तिने केसांना तेल लावलं नव्हतं.

तिने माझा हात हळूच बाजूला केला.

"चाकाले पान्यात जायचं हाये, बाई. मले कुठं जायचं हाये?"