घट्ट झाकण

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक नवरा-बायको नंबराची वाट बघत बसले होते.

"तुझ्या यीस्टची बरणी मी बंद केली हं. घरभर बिअरचा वास सुटला होता."

"बंद म्हणजे?"

"झाकण फिरवलं, चांगलं घट्ट. तू आपलं नुसतं टेकवून ठेवतोस, वेंधळा कुठला."

"अगं, ते मुद्दाम सैल ठेवलं होतं! यीस्ट वाढताना गॅस सोडतं. कधी लावलंस?"

"काल सकाळी."

"काल? काचेची आहे ती. फुटेल!"

"घाबरवू नकोस मला. आई घरी आहेत."

"स्वयंपाकघरात?"

"या वेळी दुसरीकडे कुठे असणार? लाव ना फोन!"

"वाजतोय. उचलत नाहीये."

"परत लाव. स्पीकरवर टाक."

"आई! ऐकू येतंय का?"

"अरे, हळू. बहिरी नाही मी."

"ओट्यावर माझी बरणी आहे ना, तिच्यापासून लांब हो. आधी बाहेरच्या खोलीत जा."

"जाते रे. पण हिचं झाकण बघ कसं फुगलंय. मघापासून खटपट करतेय, उघडतच नाही."

"आई, हात लावू नकोस!"

"थांब जरा, फोन खाली ठेवते. दोन्ही हात लागतील याला."