रांगेतली शेवटची

शुरूक : शेवट अगदीच बंडल आहे, आई. स्पष्ट सांगते.

इन्साफ : सांग बाई. कैरोच्या पेपरवाल्यांचं लिहून झालंच आहे, लेकीनं तरी का मागे राहावं?

शुरूक : दोनशे पानं जीव टांगणीला लावतेस. शाळेत पोरी पटापट पडतायत, डॉक्टरांना काही सापडत नाही... आणि मग तो इन्स्पेक्टर येऊन म्हणतो, रंगाच्या कारखान्यातला वायू! झालं?

इन्साफ : प्रकाशकाला गुन्हेगार हवा होता. आणि माझ्या शाळेत खरंच पोरी पडल्या, तेव्हाही साहेबलोक वायूच म्हणाले होते. ती मुलुखियाच्या भाजीची जुडी दे इकडे, चिरायची आहे.

शुरूक : पण तुम्हाला वास आला होता का?

इन्साफ : नाही. आज एकदम माझ्या पुस्तकाची आठवण कशी झाली?

शुरूक : आज सकाळी झेंड्याला सलामी देताना आमच्याही तिघी पडल्या.

(इन्साफ सुरी खाली ठेवते.)

इन्साफ : पुस्तक वाचून नाटकं करत असतील.

शुरूक : तुझं पुस्तक? अगं, सगळ्या प्रती आपल्या पलंगाखाली आहेत! शौकीमामानं एक नेली, ती त्याच्या डुगडुगत्या टेबलाखाली आहे.

इन्साफ : पडायच्या आधी काय म्हणाल्या त्या?

शुरूक : खांद्यावरचा हात जड झाला म्हणे. आम्ही पुढचीच्या खांद्यावर हात ठेवूनच अंतर घेतो, त्यात काय नवल? पण आई, तिघीही आपापल्या रांगेत शेवटच्या होत्या. आमची रीम तर माझ्याच मागे होती. तिच्या मागे कुणीच नव्हतं.

इन्साफ : पुरे आता.

शुरूक : हे पुस्तकात नाहीये. पण तुला माहीत आहे. चेहरा बघ तुझा.

इन्साफ : मी उंच, म्हणून शेवटी असायचे. एका सकाळी मलाही तो हात लागला. गार नाही, गरम नाही, नुसता जड. भिजलेली सतरंजी टाकावी तसा. माझे गुडघे वाकायला लागले. ते नौसानं पाहिलं. माझी मैत्रीण. बुटकी, तिची जागा पार पुढे. रांग मोडून आली, माझ्या मागे उभी राहिली आणि स्वतःचा हात माझ्या खांद्यावर ठेवला. ओझं गेलं.

शुरूक : आणि नौसा?

इन्साफ : पडली. बाकीच्या सगळ्या संध्याकाळपर्यंत उठून बसायच्या. ती उठलीच नाही.

शुरूक : मग हे का नाही लिहिलंस?

इन्साफ : तिची आई अजून आहे गं. वायूवर निदान राग तरी काढता येतो.

शुरूक : रीम आता घरीच राहणार. उद्या आमच्या रांगेत शेवटी मी.

इन्साफ : उद्या जायचं नाही.

शुरूक : मी नाही गेले तर समाह शेवटी येईल. ती किती भित्री आहे, माहितीये ना तुला?

इन्साफ : मग मीही येते.

शुरूक : येऊन काय करणार? मोठ्या बाईंना पुस्तक भेट देणार?

इन्साफ : तुझ्या मागे उभी राहीन.

शुरूक : आणि तुझ्या मागे?

इन्साफ : माझ्या मागे कुणाला येऊ देऊ नकोस.