वजीरचा डावा खांदा

न्हाई, हसा तुमी, मला सवय हाय! पण आपल्याच गोठ्यात, आपल्याच दावणीला बांधलेल्या, आपल्या हातानं चारापाणी केलेल्या बैलानं आपल्याला ओळखू नये... अहो, ओळखत न्हाई असंही न्हाई, तेच तर दुखणं हाय, ओळखतो म्हणून तर! मी चार हात लांब असतो, हात अजून माझ्या खिशात असतो, आणि ह्याच्या डाव्या खांद्याचं कातडं थर्रर्र! माशी बसल्यावर हलतं ना, तसं. माशी न्हाई, गोचीड न्हाई, कोण न्हाई... समोर फक्त मी!

आता मी आश्रुबा, झरीच्या पुढं दोन कोसावर माझं गाव, आणि आसपासच्या धा गावांत माझ्या तोंडाची ख्याती काय हाय ते तुमाला माहीतच हाय. येलदरीच्या धरणात धरलेला मासा घरी आणायला मला दोन बैलगाड्या लागल्या, एक माशाला आणि एक त्याच्या मिशीला, हे मीच सांगितलेलं. सांगितलं, कबूल! पण आजच्या ह्या गोष्टीत काडीचं खोटं न्हाई. हं... काडी! ती काडीच तर नडली!

वजीर म्हणजे माझा लाल कंधारी बैल. जोडीदार नवाब, तो फक्त खातो, त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही न्हाई. पण वजीर! चार दिवसांचा असताना त्याची माय गेली, तर आमच्या नर्मदेनं, म्हणजे आमच्या मंडळीनं, बाटलीनं दूध पाजून वाढवला. कसला गुणी! आठ वर्षांत मी त्याला चापट मारली न्हाई, का मारावी? नुसतं 'हं' म्हणलं की निघायचा, 'हां' म्हणलं की उभा.

तर एका दुपारी मी गवताची काडी चघळत त्याच्याशेजारी बसलो होतो. सहज ती काडी डाव्या खांद्याला टेकवली, तर तेवढंच कातडं थरथरलं. चार बोटं खाली टेकवली, तर खालचं थरथरलं, वरचं गपगार! अहो, पाण्यात खडा टाकावा आणि लाट खड्याएवढीच उठावी, तसं! आता असली चीज हातात आल्यावर माझ्यासारखा माणूस गप बसंल का? तुमीच सांगा, तुमी बसला असता का?

दुसऱ्या दिवशी हॉटेलात उठवून दिलं की आमचा वजीर पुढचं सांगतो. डावा खांदा हलला की काम होणार, उजवा हलला की न्हाई होणार, आणि मागच्या मांडीचा फरा हलला की पावणे येणार. हॉटेलासमोर वजीरला बांधला, आले की हो लोक! मी वजीरच्या अंगावर प्रेमानं हात ठेवायचा, बोटांच्या फटीत काडी, आणि म्हणायचं, "बोल वजीर, खरं बोल!" थर्रर्र! माणसं हात जोडायची. आमचा शेजारी दिनकरराव, ग्रामपंचायतीला दोनदा पडलेला माणूस, टोपी काढून बैलापुढं उभा... "वजीरमालक, औंदा तरी येतो का निवडून?" मी काय करावं? समोर शेजारी, रोजचं उठणं-बसणं... डावा खांदा! त्यानं तिसऱ्यांदा फॉर्म भरला. पडला. आणि रुसला कोणावर? माझ्यावर न्हाई, बैलावर! सहा महिने माझ्याशी बोलायचा, पण वजीरकडं बघायचा न्हाई.

सूर्यभान सर तेवढे फसले न्हाईत. आमच्या शाळेचे विज्ञानाचे सर. चष्मा वर करून म्हणले, "आश्रुबा, बोटांत काय हाय ते दाखव." मी म्हणलं, "सर, श्रद्धेचा विषय हाय." म्हणले, "स्नायूचा विषय हाय. जनावराच्या कातड्याखाली स्नायूचा पातळ थर असतो. माशी बसली की तिथली खबर मणक्याकडं जाते, हुकूम परत येतो आणि तेवढंच कातडं हलतं. माणसाला न्हाई जमत ते." जमत न्हाई? म्हणजे काय! सगळ्या हॉटेलानं सदरे काढले, तुमाला सांगतो, पंधरा माणसं उघडी बसून खांद्याचं कातडं हलवायलेत! कोणाचं पोट हललं, कोणाचे कान हलले, खांदा कोणाचाच न्हाई. सर म्हणले, "माणसाकडं त्यातलं मानेला आणि तोंडालाच काय ते उरलंय." नर्मदा तिथून दुधाची किटली घेऊन चालली होती, ती न थांबताच म्हणली, "ह्यांच्याकडं समदं तोंडालाच गेलं असंल, सर."

हसलो आमी. वजीर रवंथ करत उभा. त्याला मी इतक्यांदा उगं गुदगुल्या केल्या, तरी बिचाऱ्यानं कधी मान वळवून बघितलं न्हाई. मालकाचा हात हाय म्हणल्यावर काही कामच असंल, असं वाटत असंल त्याला... काडीचं खोटं न्हाई.

आता ऐका, इथून हसायचं कमी करा.

आषाढात आमच्या शिवकन्याला बघायला पावणे आले. चुडाव्याचे भगवानराव, पोराचे वडील, पांढरेशुभ्र कपडे, इस्त्री अशी की घडीनं हात कापावा. पोहे झाले, चहा झाला, म्हणले, "शेत दाखवा की." त्यांची जीप दारात उभी होती. बसायचं ना जीपमध्ये गपगुमान? पण माझी जीभ! म्हणलं, "पावणे, जीप कशाला? वजीरच्या गाडीत चला. आमच्या वजीरला जमिनीच्या पोटात काय हाय ते खुरानं कळतं!" हे माझेच शब्द. ह्याच तोंडाचे. शिवकन्या मागं बसली, पावणे माझ्याशेजारी, आणि निघालो.

मध्ये नाला. नाल्यावर सिमेंटचे पाईप टाकून वर मुरूम पसरलेला, त्याला आमी पूल म्हणतो. आठवड्यामागं त्यावरून पाणी जाऊन ओसरलेलं. पुलाच्या तोंडाशी वजीर थांबला, म्हणून नवाबही थांबला. मी म्हणलं 'हं'. हलला न्हाई. मान खाली घातली, नाक जमिनीला लावून फुस्सकन श्वास सोडला, कान पुढं रोखले, एक पाय टेकवला आणि मागं घेतला. अंगावर माशी न्हाई, काही न्हाई, पण खांद्यापासून फऱ्यापर्यंत समदं कातडं थरथरायलंय! असं मी कधी बघितलंच न्हवतं. पाच मिनिटांपूर्वी मी काय बोललो होतो? जमिनीच्या पोटातलं कळतं म्हणलो होतो ना? समद्या गावानं त्याच्यावर विश्वास ठेवला, दिनकररावानं तर तिसऱ्यांदा फॉर्म भरला! विश्वास न ठेवणारा एकटा मी, कारण ती थाप कोणाची, हे मला माहीत होतं!

भगवानराव मिशीत हसले. "काय ओ आश्रुबा, तुमचे वजीर दरबार सोडून निघत न्हाईत वाटतं?"

मागून शिवकन्या म्हणली, "बाबा, राहू द्या, त्याला काहीतरी दिसायलंय."

दिसायलंय म्हणे! पावण्यासमोर बैल ऐकंना, पोरगी शिकवायली, माझी काय इज्जत? काठीला आर असते, टोकाचा खिळा हो, आठ वर्षं ती मी मिरवायलाच धरलेली. ती... डाव्या खांद्यात... जिथं काडी लावायचो ना, तिथंच. नीट त्याच जागी.

गेला तो. मालकाचा हुकूम हाय म्हणल्यावर गेला. दोन पावलं, आणि खालून मुरूम वाहून गेलेला, वर नुसती पापडी, समोरचा डावा पाय गुडघ्यापर्यंत आत! गाडी कलली, भगवानराव माझ्या डोक्यावरून नाल्यात, इस्त्रीसकट! चिखलातून वर आले तेव्हा त्यांचे फक्त दात पांढरे राहिले होते. मी धावलो पावण्याकडं... इज्जत! आणि शिवकन्या धावली वजीरकडं. जू सोडलं, मातीत बसून त्याचा पाय मोकळा केला, आणि पूर्ण वेळ त्याच्या कानाशी काहीतरी बोलत होती.

भगवानरावांनी तोंड पुसलं, तिच्याकडं बघितलं आणि म्हणले, "पोरगी मंजूर हाय. पण आश्रुबा, लग्नात बोलायचं काम दुसऱ्या कोणाला तरी द्या."

सोयरीक जमली! आता तुमी म्हणाल, मग रडायलास कामून? डॉक्टर आले, म्हणले मुरगळलंय, महिन्यात बरा होईल. झालाही. लंगडत पण न्हाई. पण तेव्हापासून... मी दिसलो की डावा खांदा थर्रर्र!

सूर्यभान सर बघायला आले, समदं ऐकून घेतलं. म्हणले, "आश्रुबा, बैलाचे डोळे बाजूला असतात. त्याला जवळजवळ चौफेर दिसतं, पण पुढं खोल किती, हे कळायला त्याला थांबावं लागतं, मान खाली घालावी लागते. तो अडला न्हवता रे. तो बघायला लागला होता." म्हणलं, "मग मी काय करायला पाहिजे होतं, सर?" म्हणले, "काही न्हाई. थांबायला पाहिजे होतं." झालं! एवढंच! आणि एवढंच मला उभ्या जन्मात कधी जमलं न्हाई.

लय उपाय केले. गूळ घेऊन गेलो, गूळ खाल्ला आणि कातडं हललं. बोलणं बंद करून गेलो, तर पावलांवरून ओळखलं. नर्मदेचं जुनं लुगडं पांघरून गेलो, वजीर फसला न्हाई, दिनकरराव फसला... लांबूनच ओरडला, "वहिनी, आश्रुबा कुठं उलथलाय?" शेवटी सर म्हणले होते की शेपटीच्या नीट मागं जनावराला दिसत न्हाई, म्हणून तिकडून गेलो. दिसत न्हाई, खरं हाय. पण लाथ नेमकी बसते! काडीचं खोटं न्हाई, आठ दिवस उभ्यानं जेवलो.

आणि परवा खांदेमळणी. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळचं तुमाला माहीत हाय, वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला लोणी-हळद चोळायची, आणि ज्यानं राबवून घेतलं त्यानंच चोळायची. दरसाल मी चोळायचो, वजीर डोळे मिटून मान माझ्या छातीवर टाकायचा... टाकायचा. औंदा वाटी घेऊन गेलो. कोणी बघत न्हवतं. तोंडातून एक शब्द काढला न्हाई, थांबलो. किती थांबलो! नवाबचं चोळून झालं, त्याच्या घागरमाळा पुसून झाल्या, तरी थांबलो. मग हळूच हात ठेवला. आरीची खूण बोटाला लागली, बारीकशी, तुरीच्या डाळीएवढी. आणि माझ्या तळहाताखाली, तळहाताएवढंच कातडं, थरथरायला लागलं. लोणी चोळतोय, चोळतोय, ते थांबंना. त्यानं मान वळवली न्हाई, लाथ मारली न्हाई, सरकलाही न्हाई. हात जोडून म्हणलं, "वजीरमालक, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." तो समोर भिंतीकडं बघत उभा, आणि खांदा थर्रर्र, थर्रर्र...

तेवढ्यात घरातून नर्मदेनं बघितलं असंल. म्हणली, "ओ, जरा कडुलिंबाचा धूर करा की तिथं! बैलाला माशा बेजार करायल्यात."

म्हणलं, "माशा न्हाईत गं... एकच हाय. उठतेय ती आता." आणि वाटी उचलून मी बाहेर पडलो.