नात्याचा रकाना

—अहो, अडवत नाही तुम्हाला, पण गेटपास भरल्याशिवाय आत निरोप जात नाही. नियम आहे. बसा, गोरक्षभाऊ, तळवड्याहून एवढ्या उन्हात आलात. नाव कसं माहीत? दोन महिन्यांपूर्वी आला होतात की, डबा घेऊन — ‘पुनम विसरली, मी तिचा मालक’ — आणि मी खुळी, लाइनवर फोन लावून म्हटलं, पुनम, तुझे मालक आलेत गं, ये बाहेर. आली बिचारी. मग तोच स्टीलचा डबा — जाऊ द्या. भुवईवर चार टाके आहेत तिच्या, रोज गेटमधून जाताना दिसतात मला. पेन चालत नाही? माझं घ्या. तारीख टाका. वेळ — दोन वाजून दहा. कोणाला भेटायचंय — पुनम, बरोबर. नीट अक्षरात लिहा, वाचायला लागेल — आमच्या साहेबांना हो. त्या दिवशी पासच फाडला नव्हता मी. चौकीत विचारलं, बाई, हा माणूस आला होता कशावरून? कॅमेरा नेमका बंद, माझं पुस्तक कोरं. पुनमनं दोषसुद्धा दिला नाही मला. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

नात्याचा रकाना राहिला. जे असेल ते लिहा. मालक? लिहा की. या कंपनीलाही मालक आहे, पण तोसुद्धा असं लिहून देत नाही कुठं. आता सही — त्या कोर्टाच्या कागदावर केलीत तशीच. मला काय माहीत म्हणता? ही बघा प्रत, काचेखाली. पुनमनंच दिलीय. संरक्षण आदेश. तिच्या खोलीवर, बसथांब्यावर, कामाच्या ठिकाणी फिरकायचं नाही. मोडला तर पोलीस सरळ उचलतात. ही प्रत आल्यापासून तीन आठवडे वाट बघतेय तुमची, एक सुट्टी घेतली नाही.

फाडताय? फाडा. खाली कार्बन आहे. आणि कॅमेरा दुरुस्त झालाय — वर बघा, चेहरा येऊ द्या नीट. पुनम? तिची पहिली शिफ्ट सुटली, बस आज मागच्या गेटनं गेली. तुम्ही लिहीत होतात तेव्हा फोन लावला ना मी, तो आत नव्हताच लावला.

कुठं निघालात? फाटकाचं बटण माझ्याकडं आहे. बसा — ती बघा चौकीची गाडी वळली. बाहेर पडल्याची वेळ तेवढी राहिलीय पासवर. ती मी टाकते.