मशिनांचा मानलेला बाप

सातुर्निना : थांबा मॅनेजरसाहेब, आधी माझा फायदा मोजू द्या. मी बायकांना नव्या विणमशिनांवर बसवलं, तर मला मुकादमकी, काचेची केबिन आणि केबिनीत हीटर. एल आल्तोच्या या पठारावरच्या थंडीत हीटर म्हणजे अर्धा स्वर्ग! उरलेला अर्धा कुणाच्या खिशात?

रोदोल्फो : टोमणे पुरे, सातुर्निनाबाई. मॅनेजर म्हणून मी काय कमी केलं? केक कापला. ‘आपण एक कुटुंब’ लिहिलेले टी-शर्ट वाटले. तरी कार्निव्हलपासून मशिनांवर धूळ बसतेय, एकजणही हात लावत नाही.

सातुर्निना : टी-शर्ट झकास आहेत. नवरा मिनीबसच्या काचा पुसतो त्यांनी.

रोदोल्फो : मग हवंय तरी काय तुम्हाला?

सातुर्निना : कार्निव्हलच्या मंगळवारी तुम्ही नव्या मशिनांपुढे बिअरची धार सोडू दिली नाहीत. पाचामामा, आमची धरणीमाय, प्यायलीच नाही. ती उपाशी, आणि आम्ही खुशाल बसायचं?

रोदोल्फो : धार सोडताना तुम्ही उधळता ते रंगीत कागदाचे कपटे सुयांत अडकले असते! वॉरंटी कुणी दिली असती?

सातुर्निना : कपटे आम्ही वेचले असते. धार सोडताना मशिनाचा मानलेला बाप पुढे येतो आणि मशीन कशाला आणलं ते मोठ्यानं सांगतो. तिथं कुणी खोटं बोलत नाही. तुम्ही बंदी घातलीत, तेव्हाच ओळखलं आम्ही. सांगण्याजोगं काही नाही.

रोदोल्फो : बरं, कंपनीला करा बाप.

सातुर्निना : कंपनीला ग्लास धरायला हात आहेत?

रोदोल्फो : बाई, मला बोलायची परवानगी नाही.

सातुर्निना : म्हणजे ही मशिनं आयतं रंगवलेलं सूत घेणार आणि आपलं रंगखातं बंद होतंय, ही कुजबुज खरी.

रोदोल्फो : मी असं म्हणालो नाही.

सातुर्निना : ‘खोटं आहे’ असंही म्हणाला नाहीत. ठेवा तुमची केबिन. आमची जुनी मशिनं बरी.

रोदोल्फो : बोललो तर मुख्य कचेरी मला काढून टाकेल.

सातुर्निना : आमच्या बायकांना काढायचं ठरवताना तिनं आमची परवानगी घेतली होती? परवा महिन्याचा पहिला शुक्रवार, धार तेव्हाही सोडतात. या. बिअर बापाच्या खर्चानं असते.

(पुढचा सोमवार. विणखात्यात नवी मशिनं चालू आहेत.)

सातुर्निना : जोरात बोला, मशिनं ऐकू देत नाहीत!

रोदोल्फो : म्हटलं, मुख्य कचेरीचा फोन आला होता. उद्यापासून येऊ नका म्हणाले. मशिनं कशी चालू झाली, ते विचारलंसुद्धा नाही.

सातुर्निना : शुक्रवारी ग्लास धरलात तुम्ही. आणि बोललात. ‘रंगखातं ऑगस्टमध्ये बंद होणार, मी लपवलं. तिथल्या सहाजणींपैकी चौघींना या मशिनांवर घेतो, दोघींसाठी माझ्याकडे काही नाही.’ ‘माझ्याकडे नाही’ म्हणणारा साहेब या कारखान्यानं पहिल्यांदा पाहिला.

रोदोल्फो : आता ते चौघींनाही घेणार नाहीत.

सातुर्निना : न घेऊन जातील कुठे? त्या आजपासूनच शिकताहेत, बघा तिकडे. त्यांना उठवलं तर आम्ही सगळ्याच उठू. आणि नवा साहेब आला, की त्यालाही आधी ग्लास धरून खरं बोलावं लागेल.

रोदोल्फो : म्हणजे मालकांना मशिनं, चौघींना काम. किंमत भरली मी.

सातुर्निना : एकट्यानं नाही. जायच्या दोघी निवडताना, शेवटी आली ती आधी जाणार, हा नियम मीच लावला. रंगखात्यात शेवटी आली ती माझी धाकटी बहीण.